भाताच्या पानांवरचा उजेड

‘बारामतीच्या उसाला म्हणे एआय सल्ला देतो, मग आमच्या भातानं काय पाप केलंय?’ खरवईच्या एका वाचकाचा हा प्रश्न. चेष्टेचा असला तरी रास्त आहे. 2025 साली राज्याने ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केल्यापासून शेतीचं प्रत्येक दुखणं आता संगणकच बरं करणार, असा सूर लागलाय.

बदलापूर पट्ट्यात आवण लावून झाली की सहसा पाण्याची ददात नसते. टंचाई असते ती उन्हाची. भात निसवताना आणि दाणा भरताना आभाळ उघडलं नाही, की लोंब्यांत पळिंज वाढतं. म्हणून पिकाची वाढ वर्तवणारं संगणकी प्रारूप आधी एक हिशेब मांडतं: वरचा उजेड खालच्या पानापर्यंत पोचतो किती?

हा हिशेब 1953 चा, आणि तो मांडला गेला चक्क कात्रीने! मसामी मोन्सी आणि तोशिरो साएकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी उभा झाडोरा वरून थराथराने कापला. प्रत्येक थरातली पानं मोजली, त्या त्या उंचीवरचा उजेड मोजला. टॉवरांच्या दाटीत तळमजल्याला भरदुपारी दिवा लागतो, तीच गत खालच्या पानांची. समजा, पानांचं क्षेत्रफळ जमिनीच्या तिप्पट आहे. पानं आडवी पसरली असतील तर तळाशी जेमतेम 12 टक्के उजेड उतरतो. ताठ असतील तर 30. युरिया जास्त झाला की पानं माजतात, लोळतात. म्हणजे पैसे मोजून सावली विकत घेतली!

दोघांनी निबंध लिहिला जर्मनमध्ये. त्याचं इंग्रजी भाषांतर ‘अ‍ॅनल्स ऑफ बॉटनी’त आलं 2005 साली. तोवर डच शास्त्रज्ञ डी विट यांनी 1965 मध्येच पानांच्या छताचं गणित संगणकावर चढवलं होतं. पुढे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं ‘ओरायझा’ प्रारूप आलं, दिल्लीच्या पुसा संस्थेचं ‘इन्फोक्रॉप’ आलं. आजच्या गाजावाजात या कात्रीवाल्यांचं नाव ऐकू येत नाही, याची मला चीड येते.

कारण प्रारूपाला आजही तीच मोजणी लागते. बदलापूरहून लोकलने कर्जत गाठलं की भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-3, कर्जत-7 ही वाणं तिथलीच. निवडलेल्या वाणाची पानं किती ताठ, निसवायला दिवस किती, आणि खरवईच्या आभाळातून ऊन किती उतरतं, हे आकडे हाती असतील तर पेरणी आठवडाभर मागेपुढे केल्याने निसवण उघडिपीत सापडेल का, ते बियाणं भिजत घालण्याआधीच पाहता येईल.