अक्कलदाढ काढल्यावर चूळ कधी भरावी?

अक्कलदाढ काढून घरी आलेल्या माणसाच्या तोंडात रक्ताची चव असते, गाल बधिर असतो आणि जीभ सारखी त्या खड्ड्याकडे वळते. अशा वेळी पहिली इच्छा होते ती खळखळून चूळ भरण्याची. घरातली वडीलधारी मंडळीही त्याच संध्याकाळी मिठाचे गरम पाणी पुढे करतात. मिठाचे पाणी चांगलेच आहे. चुकते ती वेळ.

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खड्डा उरतो. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे धुऊन टाकायची घाण नव्हे. उघड्या हाडावरची ती मलमपट्टी आहे आणि तिच्याच आधाराने पुढे खड्डा भरून येतो. पहिल्या दिवशी ती सैल असते. जोरात चूळ भरली, वारंवार थुंकले किंवा शहाळ्याचे पाणी स्ट्रॉने ओढून प्यायले, तर ती निसटू शकते. म्हणून पहिले २४ तास चूळ भरायची नाही. लाळ गिळावी किंवा बेसिनवर वाकून आपोआप ओघळू द्यावी. दिवसभर ती गुलाबी दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. थोडेसे रक्तही लाळेत मिसळले की खूप वाटते. ताजे रक्त वाहत असेल, तर स्वच्छ, ओलसर गॉजची घडी खड्ड्यावर ठेवून अर्धा तास सलग घट्ट चावून धरावी. दर दोन मिनिटांनी काढून बघितले की दाब सुटतो आणि रक्त पुन्हा सुरू होते.

गुठळी निघून गेली किंवा वेळेआधी विरघळली, की खालचे हाड उघडे पडते. या अवस्थेला ड्राय सॉकेट म्हणतात. तिची खूण ठरलेली असते. पहिले दोन दिवस बरे जातात, सूज आणि दुखणे आटोक्यात असते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी ठणका वाढतो, कानापर्यंत जातो, नेहमीच्या गोळीला दाद देत नाही आणि तोंडाला घाण वास येतो. खालच्या अक्कलदाढेनंतर हा त्रास अधिक आढळतो. प्रत्येक वेळी रुग्णाचीच चूक असते असेही नाही. दाढ हाडात रुतलेली असेल, काढताना फार खटाटोप करावा लागला असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तरी धोका वाढतो.

अशा वेळी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके आणून खाण्यात अर्थ नाही. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात, आणि बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. त्या पट्टीत अनेकदा लवंगेच्या तेलातलाच घटक असतो. पण म्हणून घरी लवंगेचे तेल थेट जखमेत ओतू नये, आतले नाजूक मांस भाजते.

दुसऱ्या दिवसापासून चूक उलट्या बाजूने होते. जखमेला धक्का लागेल या भीतीने लोक चार-चार दिवस ना दात घासतात, ना तोंड धुतात. अन्नाचे कण कुजतात आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. २४ तास उलटल्यावर एक पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालावे. घोट तोंडात घेऊन मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला हळूच कलती करावी आणि पाणी बेसिनमध्ये पडू द्यावे. आवाज येईल इतकी खळखळ नको. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, असे आठवडाभर करावे. मीठ काही जादू करत नाही. कण वाहून नेणे हेच या पाण्याचे मुख्य काम. बाकीचे दात मऊ ब्रशने घासावेत, जखमेजवळ जपून. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचा माऊथवॉश दिला असेल तर तो सांगितला तितकाच वापरावा. त्याने ड्राय सॉकेटचा धोका कमी होतो; मात्र जास्त दिवस घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही काही काळ बिघडते. अल्कोहोल असलेले झोंबणारे माऊथवॉश या दिवसांत नकोत.

तंबाखूचा प्रश्न वेगळाच आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणाऱ्या अनेक बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ती बोटाने चोळली जाते, मग खळखळून चूळ आणि पचापच थुंकणे आलेच. गुठळीला याहून वाईट काय असणार? विडी-सिगारेटच्या झुरक्यात तर धूर आणि ओढ दोन्ही आहेत. निदान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर हे सगळे बंद ठेवावे. डॉक्टरांनीही नुसते ‘तंबाखू’ न म्हणता मशेरीचे नाव घेऊन विचारलेले बरे.

खाण्यात ताकभात, पातळ खिचडी, गार झालेली पेज चालते. चिवडा, पापड, शेंगदाणे काही दिवस दूर ठेवावेत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते आणि मग उतरू लागते. त्यानंतरही वाढतच राहिली, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, जिभेखाली किंवा हनुवटीखाली घट्ट सूज आली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे. दाब देऊनही रक्त थांबत नसेल तरीही तसेच करावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा मधुमेह असल्यास ते दाढ काढण्याआधीच सांगावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

वरची जखम मिटायला काही आठवडे लागतात, आतले हाड भरायला काही महिने. मधल्या काळात खड्ड्यात भाताचे शीत अडकले तर काडीने किंवा टाचणीने कोरू नये. मिठाच्या पाण्याने ते निघते. नाही निघाले, तर आठवड्यानंतर दंतवैद्याला विचारून वाकड्या टोकाच्या सिरिंजने, सुईविना, पाण्याची हलकी धार सोडावी.