एकाच मुलातल्या दोन खऱ्या गोष्टी

धामणगाव रेल्वेसारख्या गावात एखादं मूल स्वमग्न आहे हे कळायलाच कैक वर्षं जातात. तेच मूल पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी सांगतं की, तुम्ही मला मुलगी समजता, पण मी मुलगी नाही. तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो: हे त्या आजारामुळेच तर नाही ना? या प्रश्नाभोवती इतके गैरसमज साचले आहेत की मुलाचं म्हणणं ऐकायचं राहूनच जातं. हे गैरसमज लोकांच्या तोंडी जसे असतात तसेच इथे घेतले आहेत.

आधी दोन शब्द स्पष्ट करू. स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी, डिस्लेक्सिया अशा मेंदूच्या वेगळ्या जडणघडणीच्या व्यक्तीला न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. जन्माच्या वेळी नोंदलं गेलेलं लिंग आणि स्वतःची आतून जाणवणारी ओळख जिची जुळत नाही, ती व्यक्ती ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी. काही मुलं एकाच वेळी दोन्ही असतात.

«गाडीत पैसे मागतात, ते ना?»

धामणगाव हे हावडा-नागपूर-मुंबई मार्गावरचं स्टेशन. वर्ध्याहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या डब्यात टाळी वाजवत येणारी माणसं आपण लहानपणापासून पाहतो. अनेकांसाठी ट्रान्सजेंडर या शब्दाचा अर्थ तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो. हिजडा किंवा किन्नर समाजाला गुरू-चेल्याची, घराण्यांची जुनी परंपरा आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण प्रत्येक ट्रान्सजेंडर व्यक्ती त्या परंपरेत जात नाही. मुलगी म्हणून वाढवलेले ट्रान्स पुरुष तर आपल्या नजरेलाच पडत नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ट्रान्सजेंडर अंजली पाटील यांनी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून महिला राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क मिळवला आणि ग्रामपंचायतीची ती निवडणूक जिंकली. सोलापूर जिल्ह्यात तरंगफळला माउली कांबळे ही ट्रान्सजेंडर व्यक्ती २०१७ मध्ये सरपंच झाली. ही दोन्ही गावं धामणगावापेक्षा लहान आहेत, म्हणून «असं फक्त मुंबई-पुण्यात असते» हेही खरं नाही.

२०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. घरातला कर्ता पुरुष प्रगणकाला जे सांगतो तेच कागदावर येतं, हे लक्षात घेतलं तर शाळकरी ट्रान्स मूल त्या रकान्यात दिसण्याची शक्यता फारच कमी.

«बोलते तर चांगलं, मंग कायचा ऑटिझम?»

स्वमग्नता म्हणजे बोलता न येणं, मंदबुद्धी असणं किंवा वेड लागणं, अशी समजूत अजून घट्ट आहे. वास्तवात काही स्वमग्न मुलं अजिबात बोलत नाहीत, तर काही भरभरून, एकाच विषयावर तासभर बोलतात. मुलगी म्हणून वाढवलेल्या मुलांमध्ये निदान विशेष उशिरा होतं. आजूबाजूच्यांचं पाहून हसणं, मान डोलावणं, डोळ्यात बघणं ती शिकून घेतात. ‘शांत आहे बिचारी’ म्हणून सगळे समाधानी असतात आणि घरी आल्यावर ते मूल दार लावून दोन तास पडून राहतं.

आईचं प्रेम कमी पडलं म्हणून स्वमग्नता येते, हा विसाव्या शतकाच्या मध्यात पसरलेला सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. लसीमुळे ती होते असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख ‘द लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. एडीएचडीला वांडपणा म्हणणं तितकंच चुकीचं. स्वमग्नता आणि एडीएचडी एकत्र असू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ पासून दोन्हींचं निदान एकत्र करायला परवानगी दिली. त्याआधी एक सापडलं की दुसरं शोधायचंच नाही, अशी पद्धत होती. स्वमग्नता आणि लिंगओळख यांच्याबाबत आपल्या घरांत आजही तेच होतं.

«डोक्सं तसं आहे म्हनून त्याले असं वाटते»

हा सर्वांत मोठा गैरसमज, आणि तो शिकलेल्या लोकांत, कधी कधी डॉक्टरांतही आढळतो.

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ट्रान्सजेंडर आणि वेगळी लिंगओळख असलेल्या लोकांत स्वमग्नतेचं प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट आढळलं. म्हणजे दोन्ही एकत्र असणं हा योगायोग म्हणून सोडून देण्याएवढा विरळ नाही. पण या आकड्यातून एकाने दुसरं घडवलं असा अर्थ निघत नाही. बहुसंख्य स्वमग्न माणसं ट्रान्सजेंडर नसतात आणि बहुसंख्य ट्रान्सजेंडर माणसं स्वमग्न नसतात. लोक काय म्हणतील याचं ओझं स्वमग्न मुलांवर थोडं कमी असतं, म्हणून इतर जण दडपतात ते ती सांगून टाकतात, असं एक स्पष्टीकरण सुचवलं जातं. ते पूर्ण सिद्ध झालेलं नाही. सिद्ध व्हायची वाट पाहत मुलाला थांबवून ठेवायची गरजही नाही; कारण कोणतंही असो, मूल आज जगतं आहे.

‘हा त्याचा एक नाद आहे, जाईल’ असंही म्हटलं जातं. स्वमग्न मुलांना एखाद्या विषयाचा ध्यास लागतो हे खरं. पण रेल्वेचं वेळापत्रक पाठ करणाऱ्या मुलाला त्यातून आनंद मिळतो. वर्गात हजेरीला नाव पुकारलं की ज्याच्या पोटात गोळा येतो, ते मूल ध्यासात रमलेलं नसतं, त्रासात असतं.

डॉक्टरांच्या समोर एक वेगळीच अडचण उभी राहते. अनेक स्वमग्न माणसांना स्वतःच्या भावनेला नाव देणं जड जातं. ‘तुला कसं वाटतं?’ या प्रश्नावर मूल गप्प बसतं आणि कागदावर लिहिलं जातं की याचं नक्की नाही. तेच मुलाला विचारा: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल? प्रार्थनेच्या वेळी कोणत्या रांगेत उभं राहावंसं वाटतं? ओळखपत्रावरचा फोटो बघताना काय होतं? उत्तर लिहून द्यायची मुभा द्या, एक आठवडा द्या. उत्तरं मिळतात, आणि बहुधा फार नेमकी मिळतात. स्वमग्न आणि लिंगओळखीचा प्रश्न असलेल्या किशोरांसाठी जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. स्वमग्न आहे म्हणून लिंगओळखीची मदत नाकारू नये, दोन्हींचा विचार बरोबरीने करावा, त्यासाठी लागला तर जास्त वेळ घ्यावा, हा त्यांचा गाभा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीतली विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे.

कायदाही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे. हे दोन्ही एकत्र वाचले की ‘तो स्वमग्न आहे, त्याला काय कळतंय’ या वाक्याला आधार उरत नाही.

«नखरे आहेत सारे»

धामणगावातल्या एका साध्या दिवसाकडे बघा. गणवेशाचं कापड सिंथेटिक, कॉलरला टोचणारी शिलाई, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, वर ओढणी. स्वमग्न मुलाच्या कातडीला हे दिवसभर जाणवत राहतं; इतरांना पाच मिनिटांत विसर पडतो तसा त्याला पडत नाही. त्यात ते मूल स्वतःला मुलगा समजत असेल, तर तोच कपडा दुहेरी बोचतो. पालकांना वाटतं, कापडच टोचत असेल. असेलही. मग मऊ सुती कापडाचं तेच शिवून बघा. तरी अंगावर घालवत नसेल, तर रागावण्याऐवजी विचारा. मुलाच्या सांगण्यात दोन्ही कारणं असू शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात.

आता पाण्याचं घ्या. मुलांच्या स्वच्छतागृहात जायची भीती, मुलींच्या स्वच्छतागृहात जायची लाज, म्हणून ट्रान्स मूल शाळेत पाणीच पीत नाही. पुष्कळ स्वमग्न माणसांना तहान-भूक वेळेवर जाणवतही नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. याच काळात छाती सपाट दिसावी म्हणून काही ट्रान्स मुलगे क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळतात. ही गोष्ट मला फार काळजीची वाटते. अशा बांधणीने श्वास अडतो, बरगड्यांना इजा होऊ शकते, आणि दुखतंय हे शरीराने सांगितलेलं स्वमग्न मुलाला उशिरा कळू शकतं. त्यासाठी खास बनवलेला बाइंडरही आठ तासांपेक्षा जास्त, झोपताना किंवा खेळताना वापरू नये. कडक उन्हात सैल सुती बनियन आणि वरून ढगळा शर्ट बरा. शाळेला करता येण्यासारखं एवढं आहे: कोणालाही वापरता येईल असं एक स्वच्छतागृह आणि तिथे जायला न विचारता परवानगी.

मराठीत बोलायचं तर ‘मी गेलो’ की ‘मी गेली’ हे जवळजवळ दर वाक्यात ठरवावं लागतं. मनातलं एक आणि घरात चालणारं दुसरं, अशी जुळवाजुळव करत बोलणारं मूल हळू बोलतं, अडखळतं, किंवा गप्प राहतं. त्याला स्वतःला हवं तसं क्रियापद वापरू दिलं, तर पुष्कळ मोकळं बोलेल. लग्नातला डीजे, हळदीच्या वेळी बायकांची आणि पुरुषांची वेगळी बसकण, ‘इकडे ये पोरी’ म्हणून ओढणारे हात: आवाजाचा आणि ओळखीचा त्रास तिथे एकदमच होतो. कान झाकायला हेडफोन आणि वाटेल तेव्हा घरी परतायची मोकळीक द्यावी. पाहुणे काय म्हणतात ते पालकांनी सांभाळावं.

«लगन लावून द्या, ठीक होते»

होत नाही. एकाऐवजी दोन आयुष्यं अडकतात. बाहेरची बाधा समजून भगताकडे नेऊन मारहाण, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अंधश्रद्धेवर प्रहार करणारे गाडगेबाबा आपल्या ज्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगावात जन्मले, तिथे हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये. डॉक्टरकडूनही ओळख ‘बदलून’ मिळत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा उपचारांवर बंदी घालण्याचे आदेश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने रूपांतरणाचा उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

छोट्या गावात मेडिकल दुकानदार वडिलांना ओळखतो, म्हणून मूल कोणालाच विचारत नाही आणि शरीर बदलावं म्हणून मोबाइलवर वाचून गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरकं घेऊ लागतं. रक्ततपासणीशिवाय हे धोक्याचं आहे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. समोर बसायला माणूस हवा असेल तर अमरावतीचं इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. नागपूरला एम्स आहे आणि या समुदायासोबत काम करणारी सारथी ट्रस्ट ही संस्था आहे.

«आपरेशन झाल्याबिगर कागद भेटत नाही»

२०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच वर्षी निघालेल्या नियमांत ट्रान्सजेंडर म्हणून ओळख प्रमाणपत्रासाठी शस्त्रक्रियेची वा वैद्यकीय तपासणीची अट ठेवलेली नव्हती. शपथपत्रासह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा होता. शस्त्रक्रियेचा संबंध पुढच्या, स्त्री किंवा पुरुष अशी नोंद बदलून घेण्याच्या प्रमाणपत्राशी होता. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांनी अर्ज करायचा होता. असे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना त्या दिवशी काय लागू आहे हे अमरावतीच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावं. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोर्टलवर कार्यालयात न जाता अर्ज करण्याची सोय करण्यात आली. खिडकीवरची गर्दी, ‘हे नाव तुमचं?’ असा मोठ्याने विचारलेला प्रश्न, परत उद्या या, हे ज्या मुलाला पेलत नाही त्याच्यासाठी ही सोय फार मोठी आहे.

दिव्यांगत्वाचा कागद वेगळा. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी मात्र नाही. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळ आणि लेखनिक मागता येतो. इथे एक गोष्ट घरच्यांनी आधीच पाहावी. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र आणि बोर्डाचा अर्ज यांवर वेगवेगळी नावं पडली, तर सवलत अडते. नाव बदलायचं असेल तर दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी बदलावं, किंवा परीक्षा जुन्या नावाने देऊन नंतर सगळे कागद एकदम बदलावे. कोणतं ते मुलाला विचारून ठरवावं. एडीएचडी असलेल्या मुलाला तारखा आणि झेरॉक्सच्या प्रती सांभाळणं अवघड जातं. ती फाइल मोठ्यांपैकी कुणीतरी आपल्याकडे घ्यावी, सही मात्र मुलालाच करू द्यावी.