दुर्बिणीची बैठक आणि नळीचा अक्ष

उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापीचे पात्र यांच्या दरम्यान पसरलेल्या शहादा तालुक्याच्या सुपीक पट्ट्यात, सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरच्या परिसरात, ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेला की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. आणि मग एखाद्या जुन्या घराण्यात वारसाहक्काने आलेली, रीतसर परवान्यावर नोंदलेली शिकारी रायफल कपाटाबाहेर निघून तिच्यावरची दुर्बीण पुसली जाते. शिकार हा छंद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपुष्टात आणला, आणि पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरावरदेखील त्या कायद्याच्या ११ व्या कलमाखालील लेखी परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. उसातच ठाण मांडणाऱ्या बिबट्याला तर सर्वांत कडक संरक्षण आहे. तथापि ज्याच्या ताब्यात शस्त्र आहे त्याने ते अचूक राखणे अगत्याचे ठरते, कारण या सपाट मुलखात भलतीकडे गेलेली गोळी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांपर्यंतही पोहोचू शकते.

अशा रायफलीविषयीची तक्रार बहुधा ठरावीक असते. पाच गोळ्या हाताच्या पंजात मावतील इतक्या जवळजवळ पडतात, परंतु पडतात त्या सगळ्या लक्ष्याच्या दोन-अडीच फूट डावीकडे. दुर्बिणीच्या कडेची फिरकी टिकटिक करीत फिरवीत न्यावी, तर ती अखेरच्या टोकाला जाऊन अडते, आणि तरीही वीतभर अंतर शिल्लक राहतेच. येथे दुर्बीण बिघडली असा निवाडा देऊन नवी विकत आणण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हा निवाडा घाईचा आहे. गोळ्या एकत्र पडतात, त्या अर्थी नळी, काडतूस आणि नेम धरणारा हे तिघेही निर्दोष आहेत. फिरकीबरोबर गोळ्यांचा पुंजका सरकतो, त्या अर्थी दुर्बीणही हुकमात आहे. संशयित उरतो तो एकच, आणि तो म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसवली आहे ती बैठक.

रायफलीवर दोन रेषा असतात: एक नळीचा अक्ष आणि दुसरी त्याच्या सुमारे चार सेंटिमीटर वरून जाणारी दृष्टिरेषा. सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने निघालेली गोळी १०० मीटरपर्यंत जाता जाता गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ १५ सेंटिमीटर खाली येते, म्हणून उभ्या पातळीत या दोन रेषांमध्ये किंचित कोन मुद्दाम ठेवावा लागतो. आडव्या दिशेत मात्र गुरुत्वाकर्षणाची काहीच मागणी नसल्यामुळे तेथे दोन्ही रेषांनी एकाच दिशेने पाहावे हेच उचित. आता दुर्बिणीला धरणाऱ्या दोन कड्यांत १२ सेंटिमीटरांचे अंतर आहे असे धरू. त्यांपैकी एक कडी साध्या कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, बाजूला सरकली तर १०० मीटरवर आठ सेंटिमीटरांचा फरक पडतो. पाऊण मिलिमीटर सरकली तर तोच फरक साठ सेंटिमीटरांवर जातो. कोनाच्या मापात हे जवळजवळ एकवीस मिनिटे झाले, आणि अनेक जुन्या दुर्बिणींच्या फिरकीचा एका बाजूचा पल्ला एवढ्यातच संपतो. दिशाही ध्यानात घ्यावी: गोळ्या डावीकडे पडतात याचा अर्थ दुर्बीण नळीच्या उजवीकडे पाहत आहे, म्हणजे पुढची कडी उजवीकडे तरी गेली आहे, नाही तर मागची डावीकडे.

हा दोष जुन्याच रायफलींत अधिक का, याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रजी अमलात .३०३ हे लष्करी काडतूस खाजगी इसमास बाळगण्याची मनाई होती. त्यामुळे ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतुसाच्या मापावर, परंतु ली-एनफिल्डच्या धर्तीच्या यंत्रणेची, .३१५ बोअरची रायफल विलायतेतील बीएसए कंपनीने हिंदुस्थानच्या बाजारात आणली, आणि पुढे तीच परंपरा इशापूरच्या सरकारी कारखान्याने चालवली. तिच्यावर माशी आणि मागची खाच असे साधे नेमसाधन असे. दुर्बिणीचा विचार मूळ घडणीत नव्हता. दुर्बीण मागाहून आली, आणि तिच्यासाठी कोणा कारागिराने कठीण, गोलसर पोलादावर हाताने भोके पाडून आटे काढले. बर्मा पृष्ठावर केसभर घसरला की ती चूक त्या शस्त्राच्या अंगी कायमची मुरते. बैठक यंत्रणेच्या डाव्या भिंतीवर असेल तर ती भिंत नळीला समांतर असेलच अशीही खात्री नसते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ली-एनफिल्डच्या चार नंबरच्या निवडक रायफली नेमबाजांसाठी सज्ज केल्या, तेव्हा डाव्या अंगाला बसवलेल्या पोलादी गाद्यांवर प्रत्येक दुर्बीण त्या त्या रायफलीशी जुळवून तिचा क्रमांक दस्त्यावर ठोकला जाई. एकीची दुर्बीण दुसरीला लावायची नाही, असा तो बंदोबस्त होता. आमच्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत असा जाबता कोण पाळणार!

जुन्या दुर्बिणीत मात्र एक गुण आहे, जो अवगुण समजला जातो. विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज ज्योतिर्विदाच्या दुर्बिणीत १६४० च्या सुमारास एका कोळ्याने धागा ओढून ठेवला. तो धागा आकाशातील प्रतिमेइतकाच स्पष्ट दिसतो हे पाहून त्याला नेम धरण्याच्या तारेची कल्पना सुचली. बंदुकीवरच्या दुर्बिणीतली फुली ही त्याच तारेची वंशज. पूर्वीच्या बऱ्याच दुर्बिणींत फिरकी फिरवली की ही फुली दृष्टिक्षेत्राच्या मध्यातून ढळून कडेला गेलेली उघड दिसे, आणि ग्राहक कुरकुरत. नव्या रचनेत ती नेहमी मध्यभागीच दिसते. दिसायला हे सुबक खरे, पण बैठकीचा वाकडेपणा त्यामुळे झाकला जातो. ढळलेली फुली तो चव्हाट्यावर मांडते.

तपासणीस आरंभ करताना रायफल रिकामी असल्याची खातरजमा करून बोल्ट काढून ठेवावा. मग दुर्बीण उतरवून, लाकडाला पाडलेल्या दोन इंग्रजी व्ही आकाराच्या खाचांत ती ठेवून स्वतःभोवती फिरवावी. दूरच्या खुणेभोवती फुली वर्तुळ काढू लागली तर ती मध्यात नाही. वर्तुळ आकुंचन पावून बिंदू होईपर्यंत दोन्ही फिरक्या जुळवाव्यात. भूमापन खात्याचे जुने लोक वाय-लेव्हल या यंत्राची पारख याच रीतीने करीत. दुर्बीण पुन्हा चढवून नळीच्या मागच्या तोंडातून पंचवीस मीटरवरच्या भिंतीवरचे काळे वर्तुळ नळीच्या मध्यात आणावे, आणि रायफल जराही न हलवता दुर्बिणीतून पाहावे. फुली जिथे पडेल तिथपर्यंतचे आडवे अंतर हाच बैठकीचा खरा दोष.

तो कोणत्या भागात आहे हे ठरवण्यासाठी उलटापालटीचा न्याय लावावा: पुढची कडी मागे आणि मागची पुढे लावून पुन्हा पाहावे. दोषाची दिशा उलटली तर कडी गुन्हेगार. तो जागचा हलला नाही तर भोके किंवा खुद्द पोलादी भिंत. साखर कारखान्यातल्या फिटरला यात नवल वाटणार नाही, कारण टर्बाइन आणि गिअरबॉक्स यांचे शाफ्ट एका रेषेत आणताना तोही डायल गेज लावून, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून, दोन वाचनांतल्या फरकावरूनच दोष पकडतो, आणि मग पायाखाली पितळेच्या पातळ शिमा सारतो.

शिम येथेही चालते, परंतु ती बैठकीखाली घालावी. एकाच कडीखाली घातली की दुर्बिणीची नळी वाकते. कडीच्या आतल्या बाजूला निळी शाई फासून दुर्बिणीच्या नळीच्या जाडीचा सरळ दांडा टेकवला असता ती फक्त एका कडेला पुसली गेली, तर कडी घासून सम करावी लागेल. मापाचाही घोळ असतो: पुष्कळ जुन्या युरोपीय दुर्बिणींची नळी २६ मिलिमीटरच्या आसपास, तर इंची कडी २५.४ ची, स्क्रू आवळून ती बसवणारा माणूस दुर्बीण चेपतो, इतकेच. आडव्या दोषावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे मागच्या बाजूस समोरासमोर दोन स्क्रू असलेली बैठक, जिच्यात एक सैल करून दुसरा आवळला की दुर्बिणीचे शेपूट हवे तिकडे सरकते. भोकेच तिरपी असतील तर ती बुजवून नव्याने पाडणे भाग आहे. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दुरुस्ती आणि फेरबदल यांसही परवाना लागत असल्यामुळे हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे, गावातल्या लेथवर उरकू नये.

शेवटची परीक्षा मान्यताप्राप्त चांदमारीवर घ्यावी. एक गोळी झाडून फिरकी वीस टिका उजवीकडे, मग वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, अशी फिरवत प्रत्येक वळणावर एकेक गोळी टाकावी. चौकोन पुरा होऊन पाचवी गोळी पहिलीच्या छिद्राजवळ परतली नाही, तर मात्र नव्या दुर्बिणीचा खर्च मंजूर करण्यास हरकत नाही.