कॅशविषयीचे गैरसमज

सीडीएन लावले की साइट आपोआप वेगवान होते.
चित्रे भराभर उमटू लागतात, म्हणून तसे वाटते. पण क्लाउडफ्लेअर हे सीडीएन (वाचकाजवळच्या ‘एज’ सर्व्हरवर प्रती ठेवणारे जाळे) मुळातल्या सेटिंगमध्ये चित्रे, सीएसएस, जावास्क्रिप्ट अशा फाइली साठवते. एचटीएमएल साठवत नाही. म्हणजे ज्या पानासाठी डेटाबेस सर्वाधिक राबतो, त्याची प्रत्येक मागणी एज सर्व्हर ओलांडून थेट मूळ सर्व्हरवर जाऊन आदळते. प्रतिसादाच्या हेडरमध्ये ‘हिट’ (कॅशमधून) आहे की ‘डायनॅमिक’ (मूळ सर्व्हरवरून), एवढे पाहिले तरी भ्रम फिटतो.

सतत बदलणारे पान कॅश करता येत नाही.
मतमोजणीच्या दिवशी वाचकाला शिळे आकडे दिसतील ही भीती रास्त आहे. पण किती शिळे, हे कुणी विचारत नाही. एका एज केंद्रावर सेकंदाला २,००० मागण्या येत आहेत आणि पान फक्त ५ सेकंद साठवले आहे, असे धरू. एकाच वेळी आलेल्या मागण्या रोखून एकच पुढे पाठवण्याची सोय चालू असेल, तर १०,००० मागण्यांमागे मूळ सर्व्हरला साधारण एकदाच काम पडते. हेडरमधल्या ‘एस-मॅक्सएज’ने सीडीएनची मुदत ठरवावी, ‘मॅक्स-एज’ने ब्राउझरची. दोन्हींना एकच आकडा देण्याची सक्ती नाही.

गर्दी उसळली की सगळेच कॅश करावे.
सर्व्हर कोसळत असताना हा उपाय शहाणपणाचा वाटतो आणि काही मिनिटे भाराचा आलेख खरेच खाली येतो. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेमविक्रीच्या दुकानावर हल्ला झाला. सेलच्या काळातल्या सरासरीपेक्षा रहदारी २,००० टक्क्यांनी वाढली. बचावासाठी कॅशचे नवे नियम लावण्यात आले. त्यांतल्या एकाने लॉगिन केलेल्या ग्राहकांची पानेही साठवली आणि ती भलत्यांनाच दाखवली. सुमारे ३४,००० जणांची वैयक्तिक माहिती अशी उघडी पडल्याचे कंपनीने नंतर सांगितले: कुणाचा बिलाचा पत्ता, कुणाचा खरेदीचा इतिहास, कुणाचा ईमेल. (पूर्ण कार्ड क्रमांक मात्र त्यात नव्हते.) कारण साधे आहे. कॅश सहसा यूआरएलवरून प्रत ओळखते आणि ‘माझे खाते’ या पानाचा यूआरएल सगळ्यांचा सारखाच असतो. लॉगिनची कुकी दिसताच कॅश टाळण्याचा नियम गर्दीच्या आधी लिहून, तपासून ठेवावा लागतो. आणि अशा पानांवर ‘नो-कॅश’ पुरत नाही: तो साठवायला मनाई करत नाही, फक्त वापरण्याआधी मूळ सर्व्हरला विचारायला सांगतो. मनाई करतो तो ‘नो-स्टोअर’.

पर्ज केले की जुनी प्रत संपली.
पर्ज म्हणजे साठवलेली प्रत पुसण्याची आज्ञा. तिने सीडीएनवरची संपते, तीही बहुधा काही सेकंदांत. वाचकाच्या ब्राउझरमधल्या प्रतीपर्यंत पर्जचा हात पोहोचत नाही. फाइलीला वर्षभराची मुदत दिली असेल, तर नव्या आवृत्तीला नवे नाव देणे हाच खात्रीचा मार्ग.

हिट रेशो ९५ वरून ९० वर आला, तर काय बिघडले?
हिट रेशो म्हणजे कॅशमधूनच भागलेल्या मागण्यांची टक्केवारी. तिच्यातली घसरण किरकोळ दिसते, म्हणून कुणी दखल घेत नाही. पण मूळ सर्व्हरवर जाणाऱ्या मागण्या शंभरात ५ होत्या, त्या १० झाल्या: भार दुप्पट. बऱ्याचदा कारण यूआरएलला जोडलेली ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीक्लिड’ या माग काढणाऱ्या पॅरामीटरची शेपटी असते. फेसबुकवरून आलेल्या प्रत्येक क्लिकला वेगळे मूल्य चिकटते, मग एकाच लेखाच्या हजार प्रती साठतात आणि एकही दुसऱ्यांदा कामी येत नाही. हे पॅरामीटर कॅशच्या किल्लीतून (प्रत ओळखण्याच्या खुणेतून) वगळावेत. सरसकट सगळे मात्र वगळू नयेत. नाहीतर शोधनिकालांच्या दुसऱ्या पानावर पहिलेच पान उघडेल.