बंदुकीचे वय आणि पेल्याचे वय

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मधुमेही रुग्णांची साखर वाढलेली असते, हे मी गृहीतच धरून चालतो. यंदा एका आबांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. आबा निवृत्त हवालदार, वय ७४, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते घामाने निथळलेले आणि असंबद्ध बोलताना आढळले. ‘रात्रीची उतरली नसेल, झोपू द्या,’ असे घरात कोणीतरी म्हणाले. सूनबाईंना मात्र शंका आली. त्यांनी बोटातले रक्त तपासले, तर साखर ४६. आबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून त्यांना साखरपाणी पाजले आणि मग माझ्याकडे आणले.

आदल्या रात्री आबा नातवाबरोबर ‘बसले’ होते. नातू १९ वर्षांचा, अग्निवीर, सुटीवर आलेला. कॅन्टीनच्या कोट्यातली रम आबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या पेल्यात ओतली. गप्पांच्या नादात आबांचे जेवण राहून गेले, गोळी मात्र वेळेवर घेतली गेली.

दोन दिवसांनी तपासणीला आले तेव्हा आबांनी मलाच प्रश्न केला, ‘डॉक्टरसाहेब, पोरगं साडेसतराव्या वर्षी भरतीला चालतं, उद्या सीमेवर उभं राहील. आणि एक पेग घ्यायला पंचवीस वर्षं पुरी व्हायला हवीत? हा कुठला न्याय?’

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी २१, तर रम, व्हिस्कीसारख्या मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. मतदान आणि वाहन परवाना १८व्या वर्षी. शेजारच्या गोव्यात मद्यही १८व्या वर्षी. ज्या मुलाच्या खांद्यावर देश बंदूक देतो, त्याला हे सारे विसंगत वाटले तर नवल नाही.

हाच वाद अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि तेथे त्याचे उत्तर प्रत्यक्ष अनुभवाने मिळाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तेथे सक्तीच्या सैन्यभरतीचे वय १८ करण्यात आले. मताचा अधिकार मात्र बहुतेक राज्यांत २१व्या वर्षीच होता. व्हिएतनाम युद्धात अठरा-एकोणीस वर्षांची मुले शवपेट्यांतून परत येऊ लागली, तेव्हा ही विसंगती लोकांना असह्य झाली. १९७१ साली २६वी घटनादुरुस्ती होऊन मतदानाचे वय १८ झाले. त्याच लाटेत अनेक राज्यांनी मद्यपानाचे वयही १८ किंवा १९ वर आणले. लढतो तो मत देईल, मत देतो तो पिईलही, असा तो सरळ हिशेब होता.

पुढे जे घडले ते रस्त्यांवर घडले. तरुण वाहनचालकांचे अपघात वाढले. एका राज्यात वय २१ आणि शेजारच्या राज्यात १८, अशी स्थिती असल्याने मुले मोटारीने सीमा ओलांडून प्यायला जात आणि त्याच अवस्थेत रात्री परतत. त्या रस्त्यांना ‘रक्ताच्या सीमा’ असे नाव पडले. मद्यपी चालकांमुळे मुले गमावलेल्या मातांनी १९८० पासून संघटित होऊन आवाज उठवला. अखेर १७ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. मद्याचे वय ठरवणे हा तेथे राज्यांचा अधिकार, म्हणून केंद्राने युक्ती केली : जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीला कात्री. साउथ डकोटा राज्य न्यायालयात गेले आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. १९८८ पर्यंत सर्व राज्यांत वय २१ झाले. त्यामुळे दर वर्षी शेकडो जीव वाचतात, असा तेथील वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज आहे.

आबांना मी आवर्जून सांगितलेली गोष्ट अशी की, अमेरिकी सैन्यानेही हेच वय स्वीकारले. देशातील तळांवर त्या त्या राज्याचेच वय लागू असते. मेक्सिको किंवा कॅनडाच्या सीमेपासून ५० मैलांच्या आतील तळांपुरती सवलतीची मुभा आहे, तीही बहुधा जवानांनी सीमेपलीकडे जाऊन पिऊन गाडी चालवत परतू नये म्हणून. ब्रिटनमध्ये तर १६व्या वर्षी सैन्यात जाता येते, पण मद्य विकत घेता येते ते १८व्या वर्षीच. तेथे या दोन वयांची बरोबरी करण्याची कोणाला निकड भासलेली नाही.

असे का? आबांनाच मी विचारले, ‘तुमची रायफल रात्री कुठे असायची?’

‘कोतात. सही करून जमा.’

‘आणि चांदमारीवर गोळ्या?’

‘मोजून. रिकामी खोकीसुद्धा मोजून परत.’

सैन्य एकोणीस वर्षांच्या मुलाला शस्त्र देते ते महिनोन्‌महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर, हुकमाखाली, वरिष्ठाच्या नजरेसमोर. त्या वयात बेभानपणा असतो हे सैन्याला पक्के ठाऊक असते; म्हणून तर एवढी शिस्त. बाटलीला कोत नाही की हवालदार नाही. धोका ओळखून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो, आणि मद्य सर्वप्रथम ढिला करते तो नेमका हाच लगाम.

येथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एका परिचितांकडे जेवायला गेलो होतो. त्यांचा मुलगा फौजेतून सुटीवर आला होता, वय २०. वडीलधाऱ्यांनी कौतुकाने त्याला आग्रह केला. मी डॉक्टर म्हणून मानाच्या जागी बसलेला. पण पंगतीचा रंग कशाला मोडा, म्हणून गप्प राहिलो. तो मित्राला सोडायला मोटारसायकलवरून गेला आणि वळणावर पडला. जीव वाचला, मांडीचे हाड नीट जुळले नाही. सैन्याने त्याला वैद्यकीय कारणावरून परत पाठवले. आजही तो लंगडत दवाखान्यात येतो आणि मला ‘डॉक्टरकाका’ म्हणतो. त्याच्या वडिलांनी मला कधीही बोल लावला नाही.

माझे मत विचाराल तर पंचविशीची अट मलाही जरा अवास्तव वाटते. जो नियम फारसे कोणी पाळत नाही, तो इतर नियमांचाही धाक घालवतो. सर्व प्रकारच्या मद्याला २१ वर्षे आणि त्याची काटेकोर अंमलबजावणी मला अधिक पटेल. पण अठरा नव्हे, आणि ‘सैन्यात चालतो म्हणून’ या कारणासाठी तर नव्हेच.

‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा माझ्यासमोर घेतलेली बरी,’ हे वाक्य मी अनेक आजोबांकडून ऐकतो. त्यामागे माया असते. परंतु ऑस्ट्रेलियात किशोरवयीन मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला गेला, तेव्हा पालकांनीच मद्य दिल्याने मुले सुरक्षित राहतात असे दिसले नाही. (बाळाला सर्दी झाली म्हणून चमचाभर ब्रँडी देणाऱ्या आज्याही अजून भेटतात. कृपया तसे करू नका.) रमने ऊब येते ही समजूतही फसवी आहे, त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते आणि शरीराची उष्णता प्रत्यक्षात बाहेर जाते.

आता आबांच्या वयाच्या वाचकांसाठी. वाढत्या वयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे चाळिशीत पचलेला तोच पेग सत्तरीत रक्तात अधिक चढतो. झोपेच्या गोळीबरोबर तो श्वास मंदावू शकतो. रक्तदाबाच्या गोळीबरोबर रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्शुलिन घेणाऱ्यांत तर धोका पहाटे येतो, कारण यकृत मद्य निपटण्यात गुंतलेले असते आणि नवी साखर तयार करू शकत नाही. घाम, बरळणे, अडखळणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात, हे काळजी घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. ‘उतरेल’ म्हणून झोपू देऊ नका, साखर तपासा. ती ७० च्या खाली आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. अति प्यायलेला तरुण हलवूनही जागा होत नसेल, तर त्यालाही एकटे सोडू नका. हीच काळजी घ्या.

ड्यूटीवर परतण्यापूर्वी तो नातू दवाखान्यात येऊन गेला. ग्लुकोमीटरची पट्टी कशी लावायची, कोणत्या आकड्याला काय करायचे, हे त्याने आजीसाठी मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून घेतले. कपाटाची किल्ली सध्या आजीच्या कमरेला असते. आबांना ही व्यवस्था अजून मान्य नाही. पुढच्या तपासणीला त्यावर वाद घालणार आहेत, असे त्यांनी मला बजावले आहे.