खुडूक बसलीय, डिस्टर्ब करू नका!

ऑफिस, ईएमआय आणि ट्रॅफिकच्या धबडग्यात कुणी परसात कोंबड्या पाळेल? आम्ही पाळल्या. एकवीस दिवसांचं थ्रिल, एक घुसखोर आणि एक मोठा धडा... सगळं काही त्या खुराड्यात मिळालं.

सकाळी साडेआठला मी झिपरीच्या पोटाखाली हात घातला आणि कचकन चोच बसली. रोज गुपचूप अंडं काढू देणारी ही बाई आज अंग फुगवून, पिसं फुलवून, घशातून विचित्र 'कर्रर्र' करत बसलेली. दाणे टाकले, उठली नाही. दुपारी बघितलं, तिथंच. आजारी पडली की काय, या भीतीनं थेट लांज्याला आजीला फोन लावला.

आजी आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "अगो, आजारी कसली? खुडूक झालेय ती! तिला आई व्हायचंय."

तुम्ही म्हणाल, पुण्यात राहणाऱ्या मुलीला हे उद्योग सांगितलेत कुणी? तर गोष्ट साधी आहे. भूगावला भाड्यानं घेतलेल्या रो-हाऊसला मागं छोटंसं परस मिळालं. मी फ्रीलान्सर, म्हणजे घरीच पडीक. घरमालक काकांची परवानगी काढली, आठवडी बाजारातून झिपरी आणि राणी अशा दोन गावठी कोंबड्या आणल्या, सुताराकडून खुराडं ठोकून घेतलं. दोन अंड्यांचं 'घरचं' ऑम्लेट फोटोसकट मित्रमैत्रिणींना पाठवायचं, एवढीच माझी अ‍ॅम्बिशन. खुडूक वगैरे सिलॅबसमध्येच नव्हतं!

मदर्स डे, रोजच!

खुडूक होणं हा हार्मोन्सचा खेळ. प्रोलॅक्टिन वाढतं, अंडी देणं थांबतं आणि कोंबडी घरट्याला चिकटते. छातीची पिसं उपटते, म्हणजे अंड्यांना थेट कातडीची ऊब मिळावी. दिवसातून एकदा काय ती उठते, घाईघाईनं खाते, पाणी पिते आणि परत ड्युटीवर हजर. मोठ्या पोल्ट्र्यांमधल्या लेगहॉर्नच्या जातींमध्ये निवड करकरून ही सवय जवळजवळ घालवून टाकलीय, कारण बसलेली कोंबडी म्हणजे अंडी बंद. गावठी मात्र अजून आई व्हायला विसरलेली नाही.

आता पर्याय दोन. एक, तिची खुडूक मोडायची. म्हणजे घरट्यातून काढून दोन-तीन दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची, दाणापाणी तिथंच द्यायचं. पोट थंड पडलं की डोकंही थंड होतं. दुसरा, तिला अंडी द्यायची. एका मैत्रिणीनं सुचवलं, "मग डझनभर आण ना दुकानातून!" मॅडम, दुकानातल्या अंड्यांना बाप नसतो. कोंबडा नसेल तर अंडं मिळतं, पिल्लू नाही.

शेवटी आजीच्या अंगणातली अकरा अंडी भाताच्या तुसात बसून, मामेभावाच्या मांडीवरून, रात्रीच्या एसटीनं पुण्याला आली. प्रवासाचा शीण जावा म्हणून एक दिवस निमुळतं टोक खाली करून ठेवली आणि रात्री अंधारात हळूच झिपरीच्या पोटाखाली सरकवली. कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केला.

सातव्या रात्री टॉर्च अंड्याला लावून बघितलं. आठ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा! तीन कोरी. ती काढून टाकली. खरं सांगते, पहिलं बायलाइन छापून आलं तेव्हाही एवढी छाती धडधडली नव्हती.

एकविसाव्या दिवशी झिपरीच्या पंखाखालून 'चिवचिव' आली. आठातली सात पिल्लं बाहेर पडली. पहिला दिवस-दीड दिवस ती काही खात नाहीत म्हणून मी हवालदिल. पण पोटात ओढून घेतलेला पिवळा बलक त्यांना तेवढ्या वेळासाठी पुरतो. सहाव्या दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लासोटा लशीचा एकेक थेंब डोळ्यात टाकून घेतला. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग आला तर लस न दिलेला अख्खा कळप बसवतो. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाच्या बातम्या आजीला अजून आठवतात. त्यामुळे पक्षी पटापट मरायला लागले तर लपवायचं नाही, हात लावायचा नाही, आधी दवाखान्याला कळवायचं, हा तिचा कडक नियम.

आणि मग तो आला

मांजराच्या भीतीनं मी रोज रात्री खुराड्याला कडी आणि वर कुलूप लावायचे. दिवसा काय होणार, नाही का?

बाराव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. मी एका क्लायंटच्या कॉलवर. मागून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. 'दोन मिनिटं' म्हणत मी कॉल संपवला. ती दोन मिनिटं महागात पडली. खुराड्याच्या दाराखालची माती झिजून फट पडली होती, हे मला आठवडाभर दिसत होतं. 'रविवारी बघू' म्हणून सोडलेलं. त्या फटीतून मुंगूस आत शिरलं. दोन पिल्लं गेली. राणी मानेतून रक्त येऊन पडलेली. झिपरी कोपऱ्यात, पंख पसरून, पाठीवरची पिसं उडालेली. आणि तिच्याखाली पाच पिल्लं.

राणीला पेरूच्या झाडाखाली पुरलं. आजीला फोन केला तेव्हा बोलताच येईना. ती एवढंच म्हणाली, "मुंगूस दिवसाच फिरतो गो. तू रात्रीची राखण केलीस."

शेजारच्यांनी सापळा लावायचा सल्ला दिला. नाही लावला. मुंगूस कायद्यानं संरक्षित आहे, आणि तसंही, तो त्याच्या पोटासाठी आला होता. फट माझी होती.

खुराडं पाळण्याआधी पक्कं करा

- षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश लावा.
- जाळी जमिनीत फूटभर पुरा किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवा. उकरणारा तिथंच अडतो.
- घारीसाठी वरूनही जाळी हवी. पिल्लं असताना तर हवीच.
- सांडलेले दाणे संध्याकाळी उचला. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.
- सोसायटी आणि महापालिका किंवा ग्रामपंचायतीचे नियम आधी विचारा.
- फट दिसली की त्याच दिवशी बुजवा. रविवारची वाट बघू नका!

त्याच शनिवारी मी स्वतः खड्डा खणून जाळी पुरली. हाताला फोड आले. दीड-दोन महिन्यांनी झिपरीनं पिल्लांना चोची मारून 'आता तुमचं तुम्ही बघा' सांगितलं आणि पुन्हा अंडी द्यायला लागली. पाचातले दोन कोंबडे निघाले. पहाटे साडेचारला त्यांनी बांग ठोकल्यावर घरमालक काकांचा फोन आला. दोघं आता एसटीनं लांज्याला रवाना झालेत.

आणि हो, काल सकाळी झिपरीच्या पोटाखाली हात घातला. कचकन चोच बसली. या वेळी मी आजीला फोन केला नाही. आधी जाळी चारही बाजूंनी तपासली, मग मामेभावाला मेसेज टाकला: 'अकरा अंडी. तुसात.'