मस्तिष्कगत क्षयरोगाच्या निदानात सी.टी. व एम.आर.आय.चे स्थान

राजयक्ष्म्याचे वर्णन आपल्या संहितांत विस्ताराने आले आहे. तथापि क्षयजंतू मस्तिष्कावरणापर्यंत पोहोचले असता दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांवरून केवळ संशय घेता येतो, निश्चिती होत नाही. हिवरा आश्रमासारख्या गावी असा रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे वा औषधी दुकानात येतो. म्हणून या तपासण्यांचे स्वरूप आपणास ज्ञात असणे अगत्याचे आहे.

मुंबईचे डॉ. दराब दस्तूर व डॉ. पी. एम. उदानी यांनी १९६६ मध्ये क्षयजन्य मस्तिष्कविकृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी मेंदूतील बदल प्रामुख्याने शवविच्छेदनातच दिसत. १९७१ मध्ये लंडन येथे रुग्णाचे पहिले सी.टी. झाले आणि जिवंतपणी मेंदू पाहणे शक्य झाले.

चित्रात काय दिसते?

या व्याधीत मेंदूच्या तळाशी घट्ट स्राव साचतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो भाग उजळतो. स्रावामुळे मस्तिष्कद्रवाचा मार्ग अडून मेंदूतील पोकळ्या फुगतात. यास हायड्रोसेफॅलस म्हणतात. तळाच्या रक्तवाहिन्या शोथयुक्त होऊन रक्तपुरवठा खंडित झाल्यास पक्षाघात संभवतो. क्षयग्रंथी झाल्यास वलयाकार छाया दिसते. फीतकृमीच्या अळीची गाठही तशीच दिसते. मात्र ती सहसा २० मि.मी.हून लहान व गोलाकार असते, तर क्षयग्रंथी अनेकदा मोठी व ओबडधोबड असते.

सी.टी. त्वरित होते व हायड्रोसेफॅलस दाखविण्यास पुरेसे ठरते. लहान ग्रंथी, मस्तिष्कस्तंभातील विकृती व नुकताच झालेला रक्तपुरवठ्याचा खंड यांसाठी एम.आर.आय. श्रेष्ठ होय.

मर्यादा

प्रारंभी सी.टी. प्राकृत असू शकते. तेवढ्यावरून व्याधी नाही असे मानू नये. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची तपासणी व सी.बी.नॅट चाचणी आवश्यकच असते. त्या चाचणीत जंतू न आढळल्यासही व्याधी नाकारता येत नाही. रुग्ण बेशुद्ध असल्यास वा एका अंगाचे बळ गेले असल्यास द्रव काढण्यापूर्वी स्कॅन करावे.

आपले कर्तव्य

पाच दिवसांहून अधिक ज्वर, वाढता शिरःशूल, छर्दि, मान ताठरणे, तिरळेपणा, आक्षेप, बालकाच्या स्वभावात बदल अथवा झापड यांपैकी लक्षणे एकत्र दिसताच रुग्णास त्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवावे. शुद्ध हरपण्यापूर्वी चिकित्सा सुरू झाल्यास परिणाम पुष्कळ चांगले मिळतात.

औषधी दुकानदारांनी अशा रुग्णास चिठ्ठीविना डेक्सामेथासोन देऊ नये. ज्वर व वेदना तात्पुरत्या शमतात आणि निदान लांबते. क्षयरोगाची औषधे अनुसूची एच-१ मध्ये असून त्यांच्या विक्रीची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. २०१८ च्या अधिसूचनेनुसार क्षयरुग्णांची माहिती शासनास कळविण्याची जबाबदारी औषधविक्रेत्यांवरही आहे.

चिकित्सा किमान नऊ ते बारा महिने चालते. तिच्या काळात क्षयग्रंथी कधी स्कॅनमध्ये मोठी झालेली दिसते. हे नेहमीच अपयश नसते. तज्ज्ञांच्या सल्ल्याविना औषधे थांबू नयेत, हे रुग्णाच्या आप्तांना समजावून सांगणे हे गावातील वैद्याचे काम होय.